तुझ्या वजनाच्या नळ्या

वालचंदनगर,
१९ जानेवारी १९९७

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. सगळे बरे आहोत असं लिहून पत्र संपवायची आपल्या दोघांची सवय आहे, पण या वेळी तेवढ्यावर भागणार नाही. याआधी दोन पत्रं लिहून फाडली. एकात मी बाबांची बाजू घेतल्यासारखं वाटलं, दुसऱ्यात तुझी. यात जसं झालं तसंच लिहिते.

तुझी लाल मोटारसायकल तू गेल्यापासून क्वार्टरमागे ताडपत्रीखाली होती. पावसाळा सरल्यावर बाबांनी एका रविवारी तिचा पुढचा भाग उघडला. मला बोलावलं, कारण मोजायला त्यांना मीच लागते. शाळेत जायच्या आधी मला व्हर्नियरची मोजपट्टी वाचायला त्यांनीच शिकवलं, आणि अजूनही त्यांच्यासमोर मी प्रत्येक माप दोनदा घेते. पुढच्या शॉकअपमधल्या दोन्ही स्प्रिंगा गाडीच्या पुस्तकातल्या मापापेक्षा अंगठाभर आखूड भरल्या. माझंच चुकलं असेल म्हणून मी परत मोजलं. मग त्यांनी मोजलं. जुनी गाडी, स्प्रिंगा बसून गेल्या होत्या. बाबांनी त्या रॉकेलमध्ये धुतल्या, पुसल्या आणि फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या. टाकून द्यायची वस्तू कोण धुतं, दादा?

ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, पुढून कडक करून द्या, असं तू किती महिने म्हणत होतास. आणि ते म्हणायचे, "कंपनीनं इचार करूनच बसवलंय. तू कंपनीपेक्षा शाना हायस व्हय?" उभा जन्म कारखान्यात काढलेला माणूस, कारखान्यातून आलेल्या वस्तूला हात लावायचा नाही हा त्यांचा धर्मच. मग डाळजजवळ उसाच्या ट्रॉलीमागे तू पडलास. कोपर सोलून निघालं होतं, आणि जमलेल्या माणसांसमोर ते म्हणाले, "गाडीला काय झालेलं न्हाय. चालवणाऱ्यालाच जमत न्हाय." हाताची पट्टी सुटायच्या आत तू नाशिक गाठलंस.

त्या रविवारानंतर बाबा एसटीने बारामतीला गेले आणि एमआयडीसीत कुणाकडून तरी जाड तारेच्या नव्या स्प्रिंगा वळवून आणल्या. परत येताना मांडीवर धरून बसले होते म्हणे. शॉकअपमध्ये तेलही जाड घातलं. राहिल्या स्प्रिंगांच्या डोक्यावर बसवायच्या दोन नळ्या. त्यांची लांबी चालवणाऱ्याच्या वजनावर ठरते. माणूस बसला की पुढचा भाग थोडा दबायला हवा. फार दबला तर ब्रेकला नाक टेकतं, दबलाच नाही तर चाक खड्ड्यांवरून उड्या मारतं.

पण वजन द्यायला तू नव्हतास. मला गाडीवर बसवलं आणि मी तुझ्यापेक्षा जेवढी हलकी, तेवढी ज्वारी पोत्यात भरून माझ्या मांडीवर दिली. आई दारातून म्हणाली, "पोरीला जात्यावर बसवलीय का गाडीवर?" बाबा हसले नाहीत. मला म्हणाले, "मेसचं खातो. उतरला असंल गं तो." त्यांनी पोत्यातून दोन ओंजळी काढल्या. मग त्या परत पोत्यात टाकल्या.

त्या मापाने नळ्या कापल्या. गाडी जुळवली आणि रस्त्याकडे तोंड करून लावली. मी म्हटलं, दादाला दोन ओळी लिहा. म्हणाले, "लिवून काय? बसला की कळंल त्याला." मी तेव्हाच लिहायला हवं होतं. पण बापलेकांच्या मध्ये बोलायचा आपला अधिकार किती, याचाच विचार करत राहिले. मध्ये तुझी दिवाळीची सुट्टीही आली आणि गेली.

आता बातमी. मला इंदापूरच्या शाळेत नोकरी लागली. सकाळची एसटी भरवशाची नाही, दोनदा उशीर होऊन हेडमास्तरांसमोर उभी राहिले. परवा बाबांनी हातात करवत दिली आणि म्हणाले, "गाडी तू घे. नळ्या तुझ्या वजनाला काप." जेवणानंतर हात धुवावा तितक्या साधेपणाने म्हणाले, पण मला कळलं की त्यांनी वाट पाहणं सोडलं. तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून लिहिते, मला गाडी हवी आहे. मैदानावर शिकलेय, आवडतेही. म्हणून तर करवत चालवेना. त्या नळ्यांवर हात ठेवला की पोत्यातली ज्वारी आठवते.

काल बाजारातून नळीचा नवा तुकडा आणला आणि माझ्या मापाच्या नळ्या त्यातून कापल्या. बाबांनी ते पाहिलं. संध्याकाळी तुझ्या नळ्यांना त्यांनी ग्रीस लावलं, आपल्या जुन्या खाकी शर्टाच्या तुकड्यात गुंडाळल्या आणि हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवल्या. ते तुला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. गाडी मी वापरेन, पण तू आलास की अर्ध्या तासात ती परत तुझी करता येते. उत्तरात दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल. तुझं आत्ताचं वजन तेवढं कळव. बाबा विचारत होते.

तुझीच,
रश्मी