खंडेरायाचा गूळ आणि टीव्हीचा काटा

इंदिरानगर, नाशिक
बुधवार, दुधी खाऊन झाल्यावर

तीर्थरूप चिमणाअक्का हिच्या पायांवर धाकट्या धोंडीरामचं डोकं.

तुझा गुडघा कसा आहे, दाजींचा खोकला मोडला का, गाय व्यायली का, ते सवडीने कळव. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण सुरुवातीलाच तुझा जीव घाबरू नये म्हणून ठीक लिहिलं. (रोशनी पोरी, तू आजीला हे वाचून दाखवशील तेव्हा आधी दार लोटून घे. ओट्यावर भागीबाई बसलेली असते, आणि तिच्या कानात गेलेलं सायखेड्यात राहत नाही, पार चांदोरीला पोचतं.) फोन का केला नाही म्हणशील, तर फ्लॅटमध्ये एका खोलीत खोकलं तरी दुसऱ्या खोलीत कळतं, आणि ही गोष्ट सूनबाईला, स्नेहलला, कळता कामा नये.

आधी एक सांगतो. मी आजारी नाही. तू मला टीव्हीवर बनियनवर पाहिलंस आणि फोनवर रडलीस, "धोंड्या, सून खायला घालत नाही का रे?" भागीबाईने तर मला टीबी झाल्याचं गावभर केलं, आणि दोघंजण मोसंबी घेऊन भेटायलाही येऊन गेले. (ती मोसंबी मोजून खावी लागली.) अक्का, तो 'जोडी काट्यावर' नावाचा कार्यक्रम आहे. एका घरातल्या दोघांनी मिळून वजन उतरवायचं, ज्या जोडीचं जास्त उतरेल ती जिंकली. स्नेहलने आधी नवऱ्याला, आपल्या सोमनाथला, विचारलं होतं. तो म्हणाला, कंपनीत सुट्टी नाही. (पोट त्याचंही आहे, पण ते सुट्टीवर जात नाही.) मग ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "नाना, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा, बाकीचं मी बघते." त्या दिवसापासून मला नुसतं उभं राहायला मिळालेलं नाही. पहाटे पाचला चालायचं, मग ललित नावाचा कोच येतो. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. तो ओरडतो, "काका, पोट आत!" अडुसष्ट वर्षांचं पोट, बाहेर यायला त्याला चाळीस वर्षं लागली, ते एका हाकेत आत कसं जाईल?

पण पोरीची धडपड बघवत नाही. पहिलं बक्षीस म्हणजे व्यायामाची सगळी यंत्रं. तिला खालच्या गाळ्यात बायकांची व्यायामशाळा काढायची आहे. निकिता झाल्यापासून तिचं अंग सुटलं होतं, त्यावर माहेरच्या-सासरच्या सगळ्यांनी बोलून घेतलं, तूही एकदा बोललीस. (रोशनी, हे वाचू नको. वाचलंस तर हळू वाच.) आता ती नऊ किलो उतरली आहे. आणि तिच्या वाटेत धोंड होऊन बसलोय तो मी.

चार वर्षांपूर्वीचा दिवस आठव. इथल्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात स्नेहल बाळंतपणात अडली होती, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई आणि बाळ, दोघांपैकी कुणाचंच आत्ता सांगता येत नाही. मला तिथे बसवेना. मी चौकात आलो, सायखेड्याची दिशा धरली, आणि भर रहदारीत हात जोडले. मागून रिक्षावाले काय काय म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी म्हणालो, "खंडेराया, पोर आणि तिचं लेकरू सुखरूप घरी येऊ दे. आज उभा आहे तसाच्या तसा पारड्यात बसेन आणि भारोभार गूळ तुला वाहीन." तिथूनच तुला फोन केला होता. त्याच सकाळी रक्त देण्यासाठी मला काट्यावर उभं केलं होतं, अठ्ठ्याण्णव किलो. (रक्त घेतलं नाही, बीपी वाढला होता.) पुढे नवस लांबत गेला. एक वर्ष सुतक आलं, एक वर्ष माझं डोळ्याचं ऑपरेशन, मग तू म्हणालीस पौषात नको, आणि पौष संपल्यावर कुणालाच आठवण राहिली नाही. ज्याच्यासाठी बोललो त्याला फेडण्याआधी सांगू नये असं आई म्हणायची, म्हणून स्नेहलला माहीत नाही.

आता मी नव्वद किलो आहे. देवाला काय वाटेल? मागताना गडी एवढा होता, देताना एवढासा झाला. तू म्हणशील, आठ किलो गूळ वर ठेव. ठेवला तर ते पारडं जमिनीला टेकेल आणि मी वर लोंबकळत राहीन, मग ती गूळतुला कसली? आणि आठ किलोची कसर देव कुणाकडून काढील? जिच्यासाठी मागितलं तिच्याकडूनच. या विचाराने मला झोप नाही, आणि ललित म्हणतो झोप कमी झाली की वजन उतरत नाही, तेवढाच आधार.

म्हणून गेल्या रविवारी मी एक पाप केलं. वजनाआधी दोन तांबे पाणी प्यालो. वाटलं, निदान आणखी उतरायला नको. पण टीव्हीवर वजन लगेच सांगत नाहीत. काट्यावर उभं करतात, ढोल वाजवतात, सूत्रसंचालिका मनीषाताई माझ्याकडे बघतात, मग स्नेहलकडे, मग जाहिराती. दोन तांबे पाणी पोटात घेऊन जाहिराती संपायची वाट बघणं म्हणजे काय, ते दाजींना विचार. लोकांना वाटलं मी काळजीने थरथरतोय. वजन सव्वा किलोने वाढलं. उकडलेल्या दुधीवर वाढलेला मी पहिलाच. ललितने स्नेहलला सगळ्यांसमोर झापलं, घरात चोरून काय घालता म्हणून. आणि अक्का, ती पोर म्हणाली, "चूक माझीच. नानांच्या भाकरीला मीच तूप लावलं. त्यांना काही बोलू नका." तूप घरात दोन महिन्यांत आलेलं नाही. तिला वाटतं मी चोरून खातो. आणि तरी ती माझ्यापुढे उभी राहिली.

मी काट्यावरून उतरलो तेव्हा मला जमिनीकडे बघवत नव्हतं. (बघितलं असतं तर पाय दिसले असते, हे मात्र नवीन आहे.)

येत्या रविवारी शेवटचं वजन. दुसऱ्या जोडीच्या आम्ही दीड किलो मागे आहोत. मी ठरवलंय, पाण्याचा तांब्या दूर ठेवायचा आणि उतरेल तेवढं उतरायचं.

दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा, दिवसेंदिवस कमी होत चाललेला भाऊ
धोंडीराम

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण लिहायचं राहिलं. रविवारच्या आत तू खंडेरायाच्या देवळात जा. तू थोरली आहेस, तुझं तो ऐकतो. त्याला सांग, मी येणार आहे, असेन तेवढा येणार आहे. कमी पडेल ते माझ्या आयुष्यातून घे, पण पोरीच्या अंगाला हात लावू नको.

आणखी ता. क. फार आयुष्यातून असं म्हणू नको. गुडघ्यातून वगैरे घे म्हणावं.

शेवटचं ता. क. रिकाम्या हाती जाऊ नको. गुळाचा एक खडा ने, पायाशी ठेव, आणि म्हण, हा धोंडीरामचा इसार. पण तो खडा प्रसाद म्हणून मला पाठवू नको. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, आणि ललित डबे उघडून बघतो. पाठवायचाच झाला तर सोमवारी पाठव.