सुलू समुद्रावरची चाळीस मिनिटं

प्रिय मानांग मर्लिंडा,

हे पत्र अनालिझाच्या हाती पाठवते आहे. ती आमच्याच कंपनीच्या विमानांत काम करते. मंगळवारी सिंगापूरला उतरली की तुझ्या मॅडमच्या घरी येऊन तुझ्या हातात देईल. फोनवर सांगता आलं असतं, पण तू मोठी बहीण, फोनवर मला पुरतं बोलू देत नाहीस. "जेवलीस का, इंदाय? आवाज का असा येतोय तुझा?" असं मधेच सुरू करतेस, आणि माझं सांगायचं राहून जातं. आठ महिने ते राहिलं आहे. या वेळी राहू द्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

घरी सगळे बरे आहेत. आपल्या भाऊरायाने, रोहेलने, पुढच्या दाराला हिरवा रंग दिला, फारच हिरवा. शेजारची मानांग पासिंग म्हणाली, "काय रे रोहेल, दार आहे की पोपट?" तेव्हापासून तो मागच्या दाराने ये-जा करतो. आपल्या आईची, नानायची, बकासी मासे सुकवायची जाळी अजून अंगणातच आहे. कोणी हलवत नाही.

आता माझ्या कामाचं. तू तिकडच्या मैत्रिणींना सांगतेस ना, "माझी बहीण विमानात इंटरनेट सोडते," तसं काही मी करत नाही. मी नकाशे काढते. उपग्रह खाली ज्या भागावर संकेत टाकतो तिथे विमानात वायफाय चालतं, नाही तिथे नाही. जमिनीवर माणसं असतात, म्हणून जमीन बहुतेक झाकलेली असते. पाण्यावर मात्र भोकं राहतात, कारण भर समुद्रावरच्या संकेतासाठी कोणी पैसे मोजत नाही. चालतं तिथे मी निळा रंग भरते, नाही तिथे पांढरं सोडते, आणि खाली माझं नाव येतं. पहिल्यांदा ते नाव छापलेलं दिसलं तेव्हा नानायने तो कागद माझ्या पदवीच्या फोटोशेजारी चिकटवला होता, तुला आठवत असेल.

येत्या गुरुवारी आमच्याकडे मोठी सभा आहे. पॅसिफिकवरून जाणारा नवा मार्ग सुरू होतो आहे, आणि जाहिरातीत लिहायचं आहे, "सगळ्या वाटेवर वायफाय". त्या वाटेवर तीन तासांहून मोठं भोक आहे. आमचे साहेब, सर विल्यारुस, मला म्हणाले, "निळं कर गं ते. तिथे फक्त मासे राहतात, आणि मासे तिकीट काढत नाहीत." सगळे हसले. मी म्हटलं, "सर, मासे खाली असतात. वर आपल्या नर्सा असतात, खलाशी असतात, पोरं घरी ठेवून निघालेल्या बाया असतात." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तू चांगली मुलगी आहेस. चांगल्या मुलींनी गुरुवारपर्यंत नकाशावर सही करावी." नाही केली तर शुक्रवारी माझ्या टेबलावर दुसरं कोणी बसलेलं असेल, हेही त्यांनी सांगितलं. अगदी प्रेमाने सांगितलं.

मी सही करणार नाही. रोहेलला सांगितलं तर म्हणाला, "वा! घरातली पहिली पदवीवाली, आणि पहिली हाकललेली पण तूच!" मग त्याने विचारलं, "मानांगला सांगितलंस?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग आधी तिला सांग. तिने तुझ्या शिक्षणासाठी कोणाकोणाची पोरं वाढवली ते विसरू नकोस." विसरले नाही. म्हणूनच हातात पेन घेतलं आहे.

तू नानायसाठी यायला निघालीस तो दिवस मी रोज आठवते. डॉक्टर म्हणाले होते, आता तासांचा हिशोब आहे. तुझ्यासमोर दोन विमानं होती. सकाळी सातचं, दुसऱ्या कंपनीचं, वायफाय नसलेलं. आणि अकराचं आमचं. तू सातच्याच विमानाने निघणार होतीस. मी म्हटलं, "नको. त्यात चार तास तुला नानाय दिसणार नाही. आमच्यात सगळ्या वाटेवर दिसेल." नकाशाही पाठवला. तू लिहिलंस, "तू शिकलेली आहेस, तू सांगशील तसं." सातचं विमान पावणेअकराला सेबूत उतरलं. तिथून आपलं घर तासाभरावर.

एक वाजता तू विमानातून फोन लावलास. नानाय शुद्धीवर होती. तू म्हणालीस, "तिचा हात दे, कपाळाला लावून मला आशीर्वाद घ्यायचाय," आणि रोहेलने तिचा हात फोनच्या काचेजवळ धरला. तू तिकडे वाकून कपाळ काचेला लावलंस. आम्हाला फक्त तुझे केस दिसले, आणि मग ते केसच तिथे थिजून राहिले. आम्ही पुन्हापुन्हा फोन लावत राहिलो. नानाय दोनदा म्हणाली, "मर्लिंडा कुठे गेली?" एक वीसला ती गेली. तुझा फोन पुन्हा लागला तेव्हा एक त्रेचाळीस झाले होते.

नवव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर सगळे भात घेऊन बसले होते, तेव्हा तू बायकांना सांगितलंस, "माझ्या कपाळानेच बटण दाबलं गेलं. अडाणी बाई मी, चांगला फोन वापरायची अक्कल नाही." मानांग पासिंग म्हणाली, "अगं, देवाची इच्छा." तू म्हणालीस, "देवाची नाही, कपाळाची." बायका रडता रडता हसल्या. मी तिथेच होते, तुझ्या पानात भात वाढत होते. त्यानंतर दर रविवारी फोन ठेवताना तू म्हणतेस, "थांब, मी नीट बघून बंद करते," आणि दर रविवारी मी गप्प राहते.

मानांग, तुझ्या कपाळाने काही झालं नाही. सुलू समुद्रावर चाळीस मिनिटांचं भोक आहे. आमच्या नोंदीत त्या दिवशीच्या तुझ्या विमानाची वेळ मी स्वतः पाहिली: एक वाजून तीन मिनिटांनी संकेत गेला, एक त्रेचाळीसला आला. आणि ते भोक निळ्या रंगाने मी बुजवलं होतं, त्याआधी दोन महिने, साहेब म्हणाले म्हणून. तुला नकाशा पाठवला तेव्हा मी ते विसरले होते असं लिहिलं तर तुला पटेल, तू लगेच मान्य करशील. पण मला आठवत होतं. मनात म्हटलं, चाळीस मिनिटांत काय होतंय. गुरुवारी सभेत मी माझेच दोन नकाशे ठेवणार आहे, पॅसिफिकचा आणि सुलूचा, आणि तुझ्या विमानाचा क्रमांक आणि वेळ वाचून दाखवणार आहे. बारा परक्या माणसांना हे कळण्याआधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही, कारण तू ती लगेच देऊन टाकशील आणि मला ती एवढ्यात नको आहे. तू राग धर, हवा तितका धर. या रविवारी फोन केला नाहीस तरी मी समजून घेईन. केलास तर बोलून झाल्यावर न बघता बंद कर.

तुझीच,
इंदाय