थांबायची जागा

मस्तगड, जालना
गुरुवार, १५ मे २०२५

चि. रामप्रसाद,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना तुझ्या गुरुजींचा आशीर्वाद. मातोश्रींचे गुडघे कसे आहेत? मागे भोकरदनच्या लग्नात भेटल्या तेव्हा खुर्चीवरूनच सगळ्या मांडवाला हुकूम सोडत होत्या. तशाच राहोत.

इकडे ऊन फार. कूलरमध्ये पाणी ओतणे ही सध्या माझी नोकरी. दुपारी आडवा झालो की भोकरदनची शाळा डोळ्यांपुढे येते. कवितेचा तास मी हेडमास्तरांकडून मुद्दाम शेवटचा मागून घेतला होता. पोरांनी कविता तोंडात घेऊनच घरी जावे, एवढीच इच्छा. शेजारी मार्केट यार्ड. तिकडे कापसाचा लिलाव चालायचा, इकडे आपली कविता; कधी कधी दोन्हींचा ताल एकच व्हायचा. तू सातवीत, खिडकीजवळच्या बाकावर. आवाज खणखणीत, पण घाई इतकी, की चार ओळी एका दमात. मी बोट वर करायचो. "रामप्रसाद, थांब. इथे कवीने थांबायला जागा ठेवलीय." तू म्हणायचास, "गुरुजी, थांबलं की पुढचं इसरतं न्हाई का!" सगळा वर्ग हसायचा. मीही.

मंदाक्रांता वृत्त आठवते का रे? गागागागा, लललललगा, गालगागालगागा. चार अक्षरे, मग विसावा; सहा अक्षरे, मग विसावा; मग लांब सात. नावच तिचे हळू चालणारी. घाईने म्हटली तर ती मंदाक्रांता राहतच नाही.

हे म्हाताऱ्याचे पुराण आता कशाला, असे तुला वाटेल. पेरण्या तोंडावर आल्या आहेत, तुमच्या कंपनीच्या बियाण्याच्या गाड्या भरत असतील, आणि अख्खा विभाग तुझ्या डोक्यावर. माझा अपूर्व तुझ्या हाताखाली आहे, याचे मला पहिल्यापासून भारी कौतुक. मुलगा माझा, साहेब माझा विद्यार्थी. मी हे गल्लीत दहा जणांना सांगितले असेल.

अपूर्व बरा आहे. म्हणजे आता उठून बसतो.

शहागडच्या बैठकीत त्याला चक्कर आली, एवढेच तुला कळले असेल. झाले ते असे. दुकानदारांपुढे बोलता बोलता त्याचे हात गार पडले, छातीवर कुणी पोते ठेवावे तसे झाले. त्यांना वाटले ऊन लागले. लिंबू सरबत पाजले. त्याने ते प्यायले, राहिलेले फोन गाडीतून केले आणि स्वतः गाडी चालवत घरी आला. दारात बसून बुटाची नाडी सोडायला गेला, तर बोटे वळेनात. तृप्तीने खाली बसून नवऱ्याच्या नाड्या सोडल्या. मी समोर उभा होतो. 

डॉक्टर म्हणाले, हृदय अजून शाबूत आहे, पण रक्तदाब फार चढलाय आणि झोप उडालीय. गोळी, महिनाभर विश्रांती, सकाळी चालणे, आणि जेवणानंतर फोन बंद. "हा इशारा समजा. दुसऱ्यांदा इशाराच येईल याची खात्री मी देत नाही."

तेव्हापासून त्याचा फोन त्याच्या आईने, प्रेमलाने, तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला आहे. वाजला की स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, डाळ वाजून राह्यली!" घरात तेवढेच हसू. अपूर्व हसत नाही. त्याचा हात रिकाम्या खिशाकडे जातो. फोन वाजत नसला तरी जातो.

श्वास मोजायला सांगितले होते. एक, दोन, तीन म्हणत. पण आकडे म्हटले की त्याला विक्रीचे टार्गेट दिसते. म्हणाला, "बाबा, मोजता मोजता अंबड तालुक्यावर येतो मी." मग मी त्याच्या उशाशी बसलो आणि मंदाक्रांता काढली. अर्थ नको, शब्द नको, नुसते गागागागा. थांब. श्वास घे. पुढचे म्हणत सोड. पहिल्या दिवशी तो वैतागला. दुसऱ्या दिवशी तृप्तीही शेजारी बसून म्हणू लागली. परवा दुपारी तिसऱ्या ओळीला तो गाढ झोपला. रामप्रसाद, चाळीस वर्षांचा मुलगा झोपला म्हणून मला रडू आले, काय सांगू.

आणि काल तुझा फोन आला.

डाळीत हात घालून मी फोन काढला. वर लिहिलेले, 'रामप्रसाद सर'. ते वाचूनच छाती फुगली. तू किती आदराने बोललास! "गुरुजी, तुम्ही? पाया पडतो. वरून लई प्रेशर करून राह्यलेत, माणूस न्हाई, गाड्या अडकल्यात. तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाई. तुम्हीच सांगा, सोमवारी येईल ना तो?"

मी म्हणालो, "येईल. माझा मुलगा आहे तो."

हेच लिहायचे होते. एवढा वेळ कूलर आणि मार्केट यार्ड चालले ते यासाठीच. तू गुरुजी म्हणालास आणि मी विरघळलो. विद्यार्थ्यापुढे नाही म्हणायला जीभ वळली नाही. डॉक्टरांनी दिलेला महिना मी एका शब्दात वाटून टाकला, तोही माझ्या मालकीचा नसताना.

आतून अपूर्वने ऐकले होते.  आज सकाळी उठून पाहतो तर तो शर्टाला इस्त्री करत होता.  मी म्हटले, अरे, राहू दे, मी सहज बोललो. तर म्हणतो, "बाबा, तुम्ही शब्द दिलाय सरांना. जातो मी. दोन दिवस जाऊन बघतो." त्याने जेवण निम्मे टाकले.  प्रेमला एकच बोलली. "लोकांची पोरं गुरुदक्षिणा देतात. तुम्ही गुरू असून पोरगं देऊन राह्यले का?"

मी उठून हा कागद घेतला.

आता दुसरे सांगतो, रागावू नकोस. काल तू बोललास ते सगळे एका दमात. मधे कुठेही थांबला नाहीस, आणि शेवटी धाप लागली ती मला ऐकू आली. सातवीतली सवय गेली नाही तुझी. तुलाही वरून कुणीतरी फोन करत असेल, त्याला आणखी कुणी. या सगळ्या ओळीत थांबायची जागा कुणी ठेवलीच नाही का रे? तुझा रक्तदाब तपासून घे. मातोश्रींना विचारून नको, त्या नाही म्हणतील. गुपचूप घे.

पोस्टाने हे पत्र सोमवारच्या आत पोचणार नाही. तृप्ती उद्या रिपोर्ट दाखवायला तुमच्या संभाजीनगरला येते आहे, तिच्या हाती देतो. ती तुझ्यापुढे काही मागणार नाही. मागणारा मी आहे.

मी दिलेला शब्द मी परत घेतो. सोमवारी अपूर्व येणार नाही. महिना पुरा होईपर्यंत येणार नाही, आणि येईल तेव्हा जेवणानंतर त्याला फोन करू नकोस. त्याची गावे तोवर दोघाचौघांत वाटून दे. कंपनीला हे चालत नसेल तर तेही स्पष्ट कळव, आम्ही बघू.

पण मी एकट्याने नको म्हटले तर तो थांबणार नाही. तो माझ्या शब्दासाठी उठला आहे, तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय बसणार नाही. म्हणून शनिवारी एक फोन कर. डाळ वाजेल, मी उचलीन, त्याच्या कानाला लावीन. लांबलचक बोलू नकोस. "अपूर्व, येऊ नको," एवढेच म्हण. आणि म्हणण्याआधी एक श्वास घे.

या खेपेला थांबशील ना? थांबलास तरी पुढचे विसरत नाही, बाळा. मी आहे सांगायला.

अजून बोट वर करून उभा असलेला,
तुझा नरहर गुरुजी