खुर्चीबाई या नावाची आधी नोंद करून मग ते कमी करण्याबाबत

प्रति,
मा. सहायक निबंधक,
संस्था नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : महिला मंडळाच्या स्वयंसेवेतून मला व माझ्या मुलीला मुक्त करणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

सविनय कळविते की, आमच्या घरात महिला मंडळाचे काम वंशपरंपरेने चालत आले आहे. मंडळ सुरू झाले तेव्हा माझी आजी खुर्च्या मांडत असे. तिच्यामागून आईने मांडल्या, आणि एकतीस वर्षे मी मांडते. एकशे वीस खुर्च्या, दहाच्या बारा रांगा, कार्यक्रम संपला की पुन्हा भिंतीशी चळत. मंडळात आम्हा तिघींना एकच नाव आहे, खुर्चीबाई. आजी गेली ते कित्येकींना कळलेसुद्धा नाही, कारण पुढच्या बैठकीला खुर्च्या मांडलेल्या होत्या.

२. माझ्या पहिल्या अर्जावर आपण कळविले की, "सदर महिलेचे नाव सभासद नोंदवहीत अथवा स्वयंसेविकांच्या यादीत आढळून येत नाही, सबब ते कमी करण्याचा प्रश्न उद्भवत नाही." उत्तर बिनचूक आहे. मंडळाची पद्धतच अशी की जी राबते तिची वेगळी नोंद कशाला, ती घरचीच. म्हणून दुसऱ्या अर्जासोबत मी पंचविसाव्या वर्धापनदिनाचे छायाचित्र जोडले होते. त्यात डावीकडे पडद्याची दोरी ओढणारे कोपर दिसते, ते माझ्या आईचे. आपल्या लिपिकांनी तोंडी सांगितले, "बाई, कोपरावरून माणूस सिद्ध होत नाही." साठ वर्षांच्या छायाचित्रांत आमच्या घराण्याचे तेवढेच आले आहे, मी दुसरे कुठून आणू?

३. आपण म्हणाल, जाऊ नका म्हणजे झाले. तेही करून पाहिले. गेल्या महिन्यात स्नेहमेळाव्याच्या दिवशी मी घरीच बसले. त्याच दिवशी अकरा वाजता माझ्या मुलीची प्रवेशपरीक्षा होती. ती वर्षभर पहाटे उठून अभ्यास करत होती. नऊ वाजता अध्यक्षबाई चार जणींना घेऊन दारात. "अगंबाई, बरं नाही का तुला?" म्हणत त्यांनी फळे ठेवली आणि जाताना मुलीला बरोबर नेले. "तासाभराचं तर काम, आणि तुमच्याकडे परंपराच आहे की," असे म्हणाल्या. नको म्हणायचे सोडून मीच मुलीच्या हातात सभागृहाची किल्ली दिली. याची मला आजही लाज वाटते.

४. साडेदहा वाजून गेले तरी ती परतली नाही, म्हणून मी तिला आणायला धावत सभागृहावर गेले. तिच्या सात रांगा मांडून झाल्या होत्या. मी ओरडले, पेपर बुडतोय, चल आधी! ती हसून म्हणाली, "आई, तू दमलीस. तू बस, मी करते." मी माझ्या आईला हेच म्हणाले होते. आई आजीला हेच म्हणाली असणार. आणि महोदय, मी बसले. एकतीस वर्षांत त्या सभागृहात पहिल्यांदा खुर्चीवर बसले आणि मुलीचा पेपर बुडू दिला.

५. फेरपरीक्षा २० तारखेला आहे. ती शेवटची संधी. मंडळाचा हीरकमहोत्सवही २० तारखेलाच आहे, आणि निमंत्रणपत्रिकेत सर्वांची नावे छापून झाल्यावर तळाशी "बैठक व्यवस्था : नेहमीप्रमाणे" असे आहे. त्या नेहमीप्रमाणेमध्ये माझी मुलगी आहे.

सबब विनंती की, आजी, आई, मी व मुलगी अशा चौघींची नावे स्वयंसेविकांच्या यादीत घ्यावीत आणि त्याच दिवशी लाल शाईने खोडावीत. गौरव, शाल, मानपत्र काही नको. खोडल्याची एक प्रत मिळावी, म्हणजे कुणी दारात आले तर मला बोलावे लागणार नाही, ती दाखवता येईल. निर्णय २० तारखेपूर्वी न झाल्यासही खुर्च्या भिंतीशीच राहतील, याची नोंद मात्र आपण जरूर घ्यावी.

आपली नम्र,
(सही)
सध्याची व शेवटची खुर्चीबाई
दिनांक : ४ मार्च

सोबत :
१) मुलीचे फेरपरीक्षेचे प्रवेशपत्र (प्रत).
२) कोपराचे छायाचित्र, मोठे करून.
३) सभागृहाची किल्ली. तीन पिढ्या आमच्या घरी होती.
४) ती टांगायचा खिळा. भिंतीतून उपटून आणला आहे.