विल्हेवाटीचा दाखला

प्रति,
मा. विभागप्रमुख,
औषधशास्त्र विभाग,
विद्यापीठ आवार.

अर्जदार : जगदेव शेषराव पडघान, बी. फार्म. अंतिम वर्ष, मु. पो. जऊळका (रेल्वे स्टेशन), जि. अकोला.

विषय : अंतिम वर्षाच्या संशोधन प्रकल्पासोबत प्रायोगिक प्राण्यांच्या विल्हेवाटीचा दाखला जोडण्याच्या अटीतून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा प्रकल्प ‘गुळवेलीच्या काढ्याचा तापावर होणारा परिणाम’, जो आपल्या कार्यालयाने परत पाठविला.
२) त्यावरील लाल पेन्सिलीचा शेरा : ‘प्राण्यांचा तक्ता चुकीचा. नियम १४ प्रमाणे प्राणी मारून टाकल्याचा दाखला नाही. सबब तोंडी परीक्षेस बसता येणार नाही.’

महोदय,

सविनय निवेदन की, वरील शेरा वाचून अर्जदाराची झोप उडाली आहे. तोंडी परीक्षा नाही म्हणजे पदवी नाही, आणि पदवी नाही म्हणजे वर्ष गेले. माझे वडील हयात नाहीत. आई भागिरथा ही येथील धान्याचे व्यापारी केशरीचंद यांच्या गोदामात धान्य पाखडण्याचे काम करते, आणि ‘माहा पोरगा औषधाचा साहेब होऊन राह्यला’ असे तिने स्टेशनमास्तरांपासून चहावाल्यापर्यंत सर्वांना सांगून ठेवले आहे. तिला खोटे पाडण्याची माझी हिंमत नाही. म्हणून घडले ते क्रमाने सादर करतो.

१. गेल्या पावसाळ्यात विभागाच्या प्राणीगृहाचे छप्पर गळू लागले, तेव्हा गणपतीच्या सुट्टीत ‘ज्याने त्याने आपापले ससे घरी न्यावेत’ असा तोंडी हुकूम आपणच दिला होता. त्याप्रमाणे मी सहा ससे आंब्याच्या पेटीत घालून रेल्वेने जऊळक्यास आणले. तिकीट तपासनिसाने पेटीत काय आहे म्हणून विचारले असता मी ‘अभ्यास’ असे उत्तर दिले. ते वस्तुस्थितीस धरून होते.

२. आमच्या वस्तीत कुत्री फार. म्हणून आईने ससे शेठजींच्या गोदामात, ज्वारीच्या पोत्यांआड ठेवले. नेमके तेच दिवस जैनांच्या पर्युषणाचे होते. शेठजींच्या मातोश्री पानाबाई यांनी आठ दिवस निराहार उपास केला होता, आणि उपास सोडताना एक तरी जीव सोडवायचा असा त्यांच्या घरचा रिवाज आहे. दरवर्षी त्या एखादा बोकड सोडवतात. यंदा त्यांना घरबसल्या सहा ससे मिळाले.

३. त्यांनी मला बोलावून विचारले, “हे कायले आणले रे?” मी खरे ते सांगितले की, यांना टायफॉइडची लस टोचून ताप आणायचा, मग अर्ध्यांना गुळवेलीचा काढा पाजायचा, अर्ध्यांना नुसते गुळाचे पाणी, आणि कोणाचा ताप लवकर उतरतो ते पाहायचे. “मंग ताप उतरल्यावर?” असे त्यांनी विचारले. येथे मी गप्प बसायला हवे होते. पण आपण वर्गात नियम तोंडपाठ करून घेतले असल्याने नियम चौदा माझ्या तोंडून घडाघडा बाहेर पडला.

४. पानाबाईंनी ससे तत्काळ आपल्या परसात नेले व त्यांना अभयदान दिल्याचे जाहीर केले. सोडवलेला जीव त्या घरातून परत मिळत नाही. मी तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा मला लाडू मिळाले. विद्यापीठाची मालमत्ता आहे असे सांगून पाहिले, तर “विद्यापीठानं जलम देला का त्याहिले?” असा प्रतिप्रश्न आला. सदर ससे आजमितीस भिजवलेली हरभरा डाळ खातात. सहाचे किती झाले हे मोजणे मी सोडून दिले आहे. आमच्या वसतिगृहाच्या खानावळीतील पोरांनी त्यांच्या जागी जाण्याची लेखी तयारी दाखविली आहे.

५. अशा रीतीने माझ्याकडे काढा होता, थर्मामीटर होता, आणि प्राणी नव्हते. दिवाळी गेली, नाताळ गेला. दुसरे ससे मागितले असता विभागाने ‘आधीचे जमा करा’ असे कळविले. त्या दिवसांत मला स्वतःला लस न टोचताच ताप यायचा.

६. जानेवारीत गावातल्या विहिरीच्या पाण्याने काही माणसे टायफॉइडने पडली, तेव्हा आरोग्य खात्याचे लस टोचणारे श्री. हेमसिंग हे बर्फाच्या डब्यासह हजर झाले. डबा उघडल्यावर पाहतो तर सशांना टोचायची तीच लस! महोदय, ती टोचली की रात्रभर अंग फणफणते हे आपण जाणताच. जो ताप मला सशांमध्ये आणायचा होता तो सरकार स्वखर्चाने अख्ख्या गावात आणत होते. गुळवेलीचा काढा तर इथे तापात सगळेच पितात. तेव्हा विचारायला काय हरकत, म्हणून मी रांगेत उभ्या असलेल्यांना विचारले.

७. सर्वांत आधी पानाबाई पुढे आल्या. “ससे म्या नेले, तं त्याहिच्या जागी मीच बसतो,” असे त्या म्हणाल्या. गुळवेल जमिनीखाली वाढत नाही ना, याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली, काढ्यात मध घालू दिला नाही, आणि सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेणार नाही असे बजावले. त्यामुळे सर्वांनाच काढा दिवेलागणीच्या आत देणे भाग पडले. प्रकल्पात ‘मात्रा देण्याची वेळ काटेकोर पाळली’ असे जे वाक्य आहे त्याचे श्रेय माझे नाही.

८. त्यांच्या मागून माझी आई, माझे चुलते ग्यानबा काका आणि आमच्या वस्तीतली व बाजारपेठेतली, पानाबाई धरून एकंदर बारा माणसे तयार झाली. वजने शेठजींच्या धान्याच्या काट्यावर घेतली. शेठजी पोत्यामागे वजनातून बारदानाचा कडता कापतात तसा त्यांनी सवयीने माणसामागेही कापला, त्यामुळे सगळे गाव कागदावर हलके झाले. ती वजने मी पुन्हा घेतली आहेत.

९. थर्मामीटर एकच होता. तो जिभेखाली धरण्याचा सर्वांचा आग्रह असताना मी तो काखेतच लावला, कारण विभागात असताना तो सशांना कोठे लावला जात असे ते मला माहीत होते. आपणासही माहीत आहे. हा मुद्दा तोंडी परीक्षेत गावकऱ्यांसमोर काढू नये, ही पोटविनंती.

१०. तो थर्मामीटर ग्यानबा काकांच्या काखेतून निघून पानाबाईंकडे जायचा होता तेव्हा मी थबकलो. आमची वस्ती बौद्धांची, आणि त्या घराच्या उंबरठ्याच्या आत मी तोवर पाऊल टाकले नव्हते. लाडूसुद्धा परसदारीच मिळाले होते. सगळे बघत होते. पानाबाई तापाने लाल झालेल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पाहून कायले राह्यला? पूस आन दे. मले हुडहुडी भरून राह्यली.” मी स्पिरिटने पुसला आणि दिला. मला त्या क्षणी फार बरे वाटले, आणि प्रकल्पात ते लिहायला रकाना नाही म्हणून येथे लिहितो.

११. रकान्यावरून आठवले. आपल्या छापील तक्त्यात रकाना तीन ‘प्राण्याची जात’ असा आहे. तो मी कोरा ठेवला. सशांसाठी भरला असता. ‘तक्ता चुकीचा’ हा शेरा जर त्याबद्दल असेल तर तो मला मान्य नाही.

१२. काढा कोणाला आणि गुळाचे पाणी कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरले. चिठ्ठ्या श्री. हेमसिंग यांनी उचलल्या. पानाबाईंना काढा निघाला, आईला आणि काकांना पाणी. पाणी गोड लागल्याने बिंग पहिल्याच घोटाला फुटले. मग जे झाले त्याला शास्त्रीय भाषेत शब्द नाही. “शेठाणीले औषध आन सक्क्या मायले गुयाचं पानी!” असे म्हणत काका तापाच्या अंगाने उठून माझ्यावर धावून आले. चिठ्ठ्या दाखविल्या, नियंत्रण गट म्हणजे काय ते समजावले, उपयोग झाला नाही. आईने पेला रिकामा करून पालथा घातला. काकांच्या शिव्यांपेक्षा मला ते जास्त लागले.

१३. शेवटी तोडगा निघाला तो असा, की लसीची दुसरी सुई टोचली जाईल तेव्हा अदलाबदल करायची. जे पाणी प्याले त्यांना काढा, जे काढा प्याले त्यांना पाणी. त्याप्रमाणे केले. पानाबाईंनी गुळाचे पाणी पिऊन “यानंच जास्त आराम पडला” असे जाहीर केले. अदलाबदलीमुळे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच करता आली. ही पद्धत मी योजली असे प्रकल्पात लिहिले आहे. प्रत्यक्षात ती मार चुकविण्यासाठी मान्य केली होती.

१४. निष्कर्ष : काढा आणि गुळाचे पाणी यांत काडीचा फरक आढळला नाही. दोहोंनी ताप सारखाच उतरला, आणि काहीच न घेतलेल्या माझाही तेवढ्याच वेळात उतरला, कारण सुई मीही टोचून घेतली होती. आपण फळ्यावर गुळवेलीविषयी जे लिहून दिले होते त्याच्याशी हे जुळत नाही, याला अर्जदाराचा इलाज नाही. आकडे बदलून जुळवता आले असते. पण बारा माणसे माझ्यासाठी कुडकुडली, त्यांचा ताप मी खोटा लिहिणार नाही.

१५. आता राहिला नियम चौदा. तो या अर्जातही नेमका चौदाच्या पुढेच आला आहे. आपला लाल शेरा मी परवा चुलीपाशी आईला वाचून दाखविला. प्राणी मारल्याचा दाखला दिल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, असे सांगितले. ती आधी हसली. मग भाकर उलथत म्हणाली, “अर्धी तं मी मेलीच हावो तुह्या शाळेपायी. अर्ध्याचा दाखला देऊन दे त्याहिले.”

महोदय, तसा अर्धा दाखला देण्याची आपल्या नियमात तरतूद नाही, हे मी पाहिले आहे. म्हणून मी पोलीस पाटलांकडून उलटा दाखला आणला आहे. पेन्शनवाल्यांना लागतो तसला, हयातीचा. तो विल्हेवाटीच्या दाखल्याऐवजी स्वीकारून मला तोंडी परीक्षेस बसू द्यावे. परीक्षकांना प्राणी समक्ष पाहावयाचे असल्यास त्या दिवशी सगळे सकाळच्या गाडीने येण्यास तयार आहेत. त्यांना कृपया प्राणीगृहाकडे न पाठवता व्हरांड्यात बाक द्यावेत. पानाबाई उकळलेले पाणी घरून आणतील.

नापास करावयाचे झाल्यास ते निष्कर्षावरून करावे. प्राणी जिवंत राहिले म्हणून करू नये. तक्त्यात पाचव्या क्रमांकावर माझी आई आहे.

नियम चौदा वगळता
आपल्या सर्व नियमांचा ताबेदार,

जगदेव शेषराव पडघान
जऊळका, दि. ११ मार्च १९७४

सोबत :
१. परत आलेला प्रकल्प, लाल शेऱ्यासह.
२. हयातीचे दाखले, अंगठ्यांसह. (पानाबाईंची सही.)
३. थर्मामीटर, स्वच्छ धुऊन.
४. ससे : जोडलेले नाहीत. हयात आहेत.