आप्पांचं धूमकेतूचं पदक

मुरुड,
दि. २९ ऑगस्ट १९८२

चि. वीरभद्रास,
रत्नाआक्काचे आशीर्वाद. भोकरला सगळी सुखरूप असाल असं धरून चालते.

इकडं पोळा कोरडाच गेला. विहिरीनं तळ दाखवलाय. पण आपलं लातूर जिल्हा झालं! त्या सोहळ्यात आप्पांचा सत्कार झाला. निजामाच्या काळात हैदराबादच्या वेधशाळेत असताना त्यांनी धूमकेतू शोधला आणि विलायतेहून पदक आलं, ते लोकांना दाखवायचं होतं. आप्पा कोट घालून निघाले. शेजारची कोंडाबाईही हट्टानं सोबत आली.

तुला संध्याकाळचं घरावरचं माळवद आठवतं ना? आप्पा अजून तिथंच बसतात. "ती स्वाती, खाली चित्रा," परवापर्यंत बोट दाखवून सांगायचे, आणि लहानपणीसारखंच वाटायचं, माळवद हळूच सुटून वर तरंगत चाललंय. मागच्या महिन्यात एकदा ढग भरून आले. सगळी गल्ली माना वर करून उभी. आप्पा म्हणाले, "ती बघ स्वाती, कशी लखलखून राहिली!" मला वाटलं, थट्टा करतात. ढग न बरसताच गेले.

तर, सत्कार. कलेक्टर साहेबांनी विचारलं, "आप्पा, पदकावर काय कोरलंय?"

आप्पांनी अंगठा फिरवला. "धूमकेतू. शेपूट लई लांब हाय."

लोक हसले. मग आप्पांनी पदक साहेबांपुढं धरलं. साहेब डावीकडं उभे होते. आप्पांचा हात उजवीकडं, नुसत्या पडद्याकडं गेला आणि तसाच राहिला. कोंडाबाईनं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं. "हिकडं हायती सायब, आप्पा."

लातुरातच डॉक्टरांना दाखवलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले डॉक्टर.

एसटीत आप्पा म्हणाले, "वीरभद्राला कळवू नको. त्याला वाटंल, म्हातारा बाप दयेसाठी बोलावून राहिला." तू वेधशाळेऐवजी दुकान धरलंस, तेव्हा 'तुला आभाळ कधी दिसलंच न्हाई' म्हणाले होते ना? ते बोलायला नको होतं, असं काल आपणहून म्हणाले.

आता माळवदावर मी सांगते, ते ऐकतात. काल म्हटलं, "दक्षिणेला एक तांबूस आहे."

"ज्येष्ठा," म्हणाले, आणि समोर दिसल्यासारखे हसले. मग विचारलं, "ढग हाय का कुठं?"

"न्हाई, आप्पा."

"वीरभद्र असता तर..." ते म्हणाले.

तू ये. दारात नुसता उभा राहू नकोस. उंबऱ्यावरूनच हाक मार.

वाट पाहणारी मी आहे. आप्पा कान देऊन बसलेत.

तुझी,
आक्का