दोन्ही बाह्या सारख्या

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते टेबल मी स्वतः केलेलं आहे. टेबलावरचा दिवा, कॉम्प्युटरच्या पडद्यावर उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून बसवलेली काळ्या पुठ्ठ्याची झापड, काचेला चिकटलेले जुने फोटो सोडवायची वाफेची पेटी (तिच्याविषयी नंतर) आणि खोलीच्या भिंतींचा राखाडी रंग, हेही माझ्याच हातचं. राखाडी सात वेळा कालवला. सहाव्या वेळी त्यात हिरव्याची किंचित झाक होती, ती मला एकट्याला दिसली. (हिच्या मते खोलीत ढग घुसून बसलाय.) यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही, हे तुला माहीत आहेच, तरी लिहून ठेवतो.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना चांगला पाय आधी टाक. भाऊजींनी उलट सांगितलं असेल तर तिकडे दुर्लक्ष कर. आमच्याकडे सगळे ठीक. आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता तिला पंख्यावरची धूळ दिसते, जी या घरात वीस वर्षं नव्हती. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस.

विषय बाबांच्या फोटोचा. डोळ्यावरची पट्टी निघताच आईने एकच मागणं केलं: पलंगासमोरच्या भिंतीवर बाबांचा स्वेटरमधला फोटो हवा, मोठा करून. त्यांचा रंगीत फोटो तेवढाच. स्वेटर तिने स्वतः विणलेला, डाळिंबी. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता, म्हणून काचेसकट स्कॅन केला. पाहतो तर डावी बाही उजवीपेक्षा फिकट! स्कॅनरचा दिवा एका बाजूला कमी पडतो हे मी तत्काळ ओळखलं. तरी घाईघाईने तो तसाच तुम्हाला ईमेलने पाठवला, ही माझी चूक. (या पत्रात एवढी एकच आहे.)

त्यावर तू काय म्हणालीस आठवतं? "अरे, बाबा आहेत की आग विझवायचा बंब?" आणि भाऊजींनी त्यांच्या कॉम्प्युटरवर तोच फोटो उघडून कळवलं, "विटकरी स्वेटर शोभतो हो त्यांना." ताई, मला दोन घास गिळवेनात. कारण माझ्याच कॉम्प्युटरवर तो एका प्रोग्रॅममध्ये डाळिंबी होता आणि दुसऱ्यात, भाऊजींची शपथ, विटकरी.

आता नीट वाच, जांभई देऊ नकोस. फोटो म्हणजे शेवटी आकडे. ते आकडे कोणत्या मापातले, याची चिठ्ठी फाईलच्या पोटात असते. तिला प्रोफाईल म्हणतात. काही प्रोग्रॅम ती वाचतात, काही ढुंकूनही बघत नाहीत. शिंप्याला माप इंचात लिहून द्यावं आणि त्याने ते सेंटीमीटर समजून पँट बेतावी, तशातला प्रकार. भाऊजींचा तो जुनापुराणा प्रोग्रॅम हा असला शिंपी आहे. तुझा फोन चिठ्ठी वाचतो, पण वर स्वतःच्या मनाचं तिखट घालतो, कारण त्याच्या पडद्याची भडक सेटिंग चालू होती.

मी फोटो साध्या, सगळ्यांना समजणाऱ्या मापात बदलला आणि चिठ्ठी पक्की जोडली. तुझी सेटिंग बदलायला लावली. भाऊजींकडून नवा प्रोग्रॅम घालून घेतला. (दोन तास फोनवर. ते दर मिनिटाला सगळं बंद करून "आता?" असं विचारत होते.) शिवाय अकरा दिवस बसून डावी बाही एकेक टाका धरून उजवीसारखी केली. अकरा दिवस अंगात राखाडी शर्ट, कारण कपड्याचा रंग पडद्यावर पडतो. हिला पिवळा गाऊन घालून खोलीत यायला बंदी. (तिने ती आनंदाने पाळली, खोलीतच आली नाही.) मग पहिला फोटो ताबडतोब पुसून टाका, असा तुम्हा सगळ्यांना हुकूम काढला आणि नवा पाठवला. माझा कॉम्प्युटर, हिचा फोन, तुझा फोन, भाऊजींचा कॉम्प्युटर: चार पडदे, एक रंग! चौकातला स्टुडिओवाला, ज्याने जन्मात कुणाला चांगलं म्हटलेलं नाही, तो मोठी प्रिंट काढताना फ्रेममधली आधीची बाही आणि प्रिंटमधली नंतरची बाही बघून खुर्चीतून उठला.

प्रिंट आईपुढे धरली. तिने बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "चेहरा त्यांचा आहे. स्वेटर कुणाचा घातलाय?"

मी तिला कॉम्प्युटरवर दोन्ही प्रोग्रॅममध्ये दाखवला, हिच्या फोनवर दाखवला. म्हटलं, बघ, सगळीकडे एकच रंग. तर म्हणते, "म्हणजे सगळीकडे सारखाच चुकलाय." नव्या भिंगातून रंग थोडे निळसर दिसतात, असंही शास्त्रोक्त समजावलं. "मग धूळपण निळी दिसायला हवी होती," म्हणाली. प्रिंट तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. रोज सकाळी मी सरळ करतो, दुपारपर्यंत ती उलटी झालेली असते.

तेव्हा मोठी म्हणून तू तिला समजाव की रंग बरोबर आहे. तुझं ती ऐकते.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकिटाला तिकीट नव्हतं म्हणून पत्र दोन दिवस पडून राहिलं. काल आईने माझं बोट धरून प्रिंटच्या डाव्या बाहीवर ठेवलं आणि विचारलं, "इथली बाही कुठे गेली?" विणताना लोकर कमी पडली होती. दुकानात तशीच मिळेना, जवळचा रंग आणला, तो फिकट निघाला. ती उसवायला निघाली, तर बाबांनी स्वेटर अंगातून काढलाच नाही. लांबून येताना ते डावा हात वर करायचे. गर्दीत आई ती बाही शोधायची. स्कॅनरच्या दिव्यात काहीही दोष नाही.

ता. क. दुसरा. वाफेची पेटी उत्तम चालते. पुन्हा स्कॅन करायला घेतलेला मूळ फोटो काचेपासून सुटला. रंग काचेवर राहिले, तेही पुसट. आणि पहिल्या स्कॅनवरच मी बाही दुरुस्त करून तो त्याच नावाने साठवत गेलो. पाठवलेला ईमेल आणि हिच्या फोनवरचा फोटो हुकमाच्या दिवशी मी स्वतःच पुसला. भाऊजी शिस्तीचे, त्यांनी हुकमाप्रमाणे पुसला आणि तसं कळवलंही. राहिला तुझा फोन. ताई, तू जन्मापासून माझं एकदाही ऐकलेलं नाहीस. याही वेळी ऐकलं नसशील, एवढ्याच आशेवर आहे. असला तर कशालाही हात लावू नकोस, बंबासारखा दिसला तरी चालेल, आतले आकडे बरोबर आहेत. फोन करून विचारणार होतो, तीनदा नंबर लावून ठेवून दिला.

ता. क. तिसरा. आज स्टुडिओवाला घरी येऊन गेला. दोन्ही बाह्या सारख्या केलेला फोटो त्याला काचेच्या दर्शनी कपाटात नमुना म्हणून लावायचा आहे, खाली माझं नाव घालून. असं काम शिकलेल्या माणसाला जमलं नसतं, असं तो हिच्यासमोर म्हणाला. मी नको म्हटलं. पंचवीस हजार देत होता.